टाकी आणि रणगाडा : दत्तास पत्र

लातूर,
दि. २४ ऑगस्ट २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझे पत्र हाती पडले. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदन झाल्यावर गावच्या शाळेत मुलांसमोर रणगाड्यांविषयी बोलण्याची विनंती तुला झाली आहे, आणि चोवीस वर्षे रणगाडा चालवला असला तरी बोलण्यास आरंभ कोठून करावा हे सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. दोन दिवस मी याच विचारात होतो. माझे मत असे झाले आहे की तू आरंभ पाण्याच्या टाकीपासून करावास. रणगाडा त्या मुलांपैकी एकानेही जवळून पाहिलेला नसेल, टाकी मात्र प्रत्येकाच्या घरावर आहे. शिवाय ज्याला इंग्रजीत टँक म्हणतात त्याचे ते नाव मुळात टाकीचेच आहे.

डोंगराच्या खडकात खोदून पावसाचे पाणी साठवण्याच्या जागेला आपण टाके म्हणतो. वेरूळला, पितळखोऱ्याला, आपल्या बहुतेक डोंगरी किल्ल्यांवर तू ती पाहिली आहेस. पश्चिम किनाऱ्यावर व्यापारासाठी आलेल्या युरोपीय लोकांनी हा शब्द मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांच्या तोंडून उचलला असे इंग्रजी कोशकार सांगतात. काही जण त्याचा संबंध पोर्तुगीज भाषेतील तशाच एका शब्दाशीही जोडतात. काही असले तरी तोवर इंग्रजीत टँक म्हणजे आधी हिंदुस्थानातील तलाव, हौद किंवा पाण्याचे टाके आणि पुढे पाणी किंवा तेल साठवण्याची कोणतीही टाकी, एवढाच अर्थ होता. तोफ, चिलखत किंवा युद्ध यांच्याशी त्या शब्दाचे काहीही नाते नव्हते.

ते नाते १९१५ च्या डिसेंबरात जुळले. पहिले महायुद्ध चालू होते आणि फ्रान्समध्ये दोन्ही सैन्ये खंदकांत रुतून बसली होती. काटेरी तारांतून आणि मशीनगनच्या माऱ्यातून पुढे जाणारे वाहन हवे म्हणून इंग्लंडच्या नौदल खात्याने एक समिती नेमली होती, आणि त्या वाहनाला तेथे जमिनीवरचे जहाज म्हणत असत. हे नाव उघडपणे वापरले असते तर शत्रूला सुगावा लागला असता. लिंकन शहरातील ज्या कारखान्यात हे सांगाडे तयार होत होते तेथील कामगारांना म्हणून असे सांगण्यात आले की मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रखरखीत मुलखातील सैन्यासाठी पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या बनत आहेत. पत्र्याच्या त्या प्रचंड पेट्या पाहून कोणालाही ते खरेच वाटले असते. पुढे काही गाड्यांवर तर रशियन लिपीत ‘पेट्रोग्राडसाठी, जपून’ अशी अक्षरेही रंगवली होती. टाकी हे सोंग होते, पण नाव तेच कायमचे चिकटले.

मुलांना आणखी एक गोष्ट अवश्य सांग. ज्या मेसोपोटेमियाचे निमित्त पुढे केले होते तेथे त्याच डिसेंबरात आपली माणसे होती. सैन्याची पुणे डिव्हिजन कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यामुळे त्या सैन्याला शरण जावे लागले. ज्यांच्या बोलीतील शब्द लिंकनच्या कारखान्यात फिरत होता त्यांचीच मुले त्या वाळवंटात उपाशी होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता हे मला ठाऊक आहे, तरीही ही तारीख वाचल्यापासून ती मनातून जात नाही.

पहिले रणगाडे १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर उतरले. त्या दिवसासाठी ४९ गाडे नेमले होते आणि त्यांपैकी कितीतरी शत्रूपर्यंत पोहोचण्याआधीच बंद पडले. वजन २८ टनांच्या आसपास, आत आठ माणसे आणि वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर, म्हणजे घाईने चालणाऱ्या माणसाएवढा. त्यांत दोन प्रकार होते. दोन्ही कुशींना तोफा असलेल्याला नर आणि फक्त मशीनगन असलेल्याला मादी म्हणत. हे वाचले तेव्हा मला नळदुर्ग आठवला. बोरी नदीवरच्या त्या किल्ल्यातील बंधाऱ्यावरून पावसाळ्यात जे दोन धबधबे कोसळतात त्यांनाही आपण नर आणि मादीच म्हणतो. आपण आठवीत असताना सहलीला गेलो होतो तेव्हा त्या धबधब्यांच्या पोटातील पाणीमहालात तू आणि मी खिडकीशी उभे होतो, डोक्यावरून नदी वाहत होती आणि आतली फरशी कोरडी होती. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातील त्या गवंड्यांनी पाणी अडवणाऱ्या भिंतीच्या आत माणसाला बसण्याजोगी जागा केली. पाणी अडवण्याचे काम मी पुढे पस्तीस वर्षे केले, तरी त्या भिंतीपुढे आजही मान लवते.

नळदुर्गाचे नाव तुझ्या भाषणात दुसऱ्या कारणानेही आलेच पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरले तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल उडवला जाण्याच्या आत आपल्या सैन्याने तो हस्तगत केला, आणि तो शाबूत हाती आल्यामुळेच चिलखती तुकड्या पुढे धावल्या. सकाळी नऊला त्या जळकोटात होत्या आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात. जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखालील पहिली आर्मर्ड डिव्हिजन ती. पाचव्या दिवशी सगळे संपले. माझी आई जळकोटची; तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिने रणगाडा हा शब्द त्या दिवशी प्रथम ऐकला. ती सांगत असे की आवाज यायच्या आधी घरातील रांजणातले पाणी थरथरले, त्यावर बारीक गोल लाटा उठल्या आणि आजीने भूकंप समजून सगळ्यांना अंगणात काढले. सडकेवर पट्ट्यांचे जे वळ उमटले होते त्यांत पुढच्या पावसाचे पाणी साचून राहिले आणि मुले त्यात कागदाच्या होड्या सोडत होती. तू ज्या गावी बोलणार आहेस तेथून ती सडक चार कोसांवर आहे, दत्ता. मुलांना त्या सडकेचे नाव घेऊन सांग.

आता यंत्राविषयी. तुला त्यातील काही शिकवण्याची माझी पात्रता नाही, परंतु मुलांना पटेल असा एक हिशेब माझ्या धंद्यातील आहे तो देतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या बुडाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब देतो. गावच्या उंच टाकीतील पाणी खालच्या नळाला येते ते याच दाबाने. तुझा टी-७२ हा ४१ टनांचा रणगाडा, पण त्याचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहूनही कमी, कारण त्याचे सगळे वजन दोन रुंद पट्ट्यांवर पसरलेले असते. म्हणजे गावच्या टाकीचे पाणी नळाला जितक्या जोराने रेटते त्याहूनही रणगाडा जमिनीला हलका लागतो. उलट भरलेल्या बैलगाडीचे ओझे लोखंडी धावेच्या दोन बोटांएवढ्या जागेवर येते आणि आपल्या काळ्या रानात एका पावसानंतर ती आसापर्यंत रुतते. प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाने ते पाहिलेले आहे, म्हणून साखळीच्या पट्ट्याचे मर्म त्याला शहरातील मुलाहून लवकर कळेल.

परंतु पट्ट्यालाही मर्यादा आहे, आणि ती पाण्यानेच दाखवली. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात असल उत्तर या गावाजवळ आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडून रान चिबड केले. उंच उसात दडलेल्या आपल्या तोफा आणि रणगाडे घोड्याच्या नालाच्या आकारात वाट पाहत होते. त्या चिखलात पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे मंदावले, रुतले आणि टिपले गेले. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडता फोडता अब्दुल हमीद तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यातील एक पॅटन मी गेल्या वर्षी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहिला असे वाटते. तो याच लढाईतला की दुसऱ्या, हे तू प्रत्यक्ष पाहून मला सांग. हे संग्रहालय १९९४ साली सुरू झाले आणि तू नगरला प्रशिक्षण घेतलेस तेव्हा ते नव्हते, म्हणून शाळेची सहल तेथे नेण्याचा आग्रह मुख्याध्यापकांना जरूर कर.

त्याच युद्धातील लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचे नाव मात्र १७ सप्टेंबरच्या भाषणात विसरू नकोस. त्यांनी सैन्यसेवेचा आरंभ निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या फौजेत केला होता, म्हणजे ज्या राज्याची प्रजा आपले आजोबा होते त्याच राज्याच्या. संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय सैन्याच्या पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत आले. सियालकोट भागात फिल्लौराच्या लढाईत ११ सप्टेंबरला ते जखमी झाले, मागे जाण्यास त्यांनी नकार दिला, पुढचे पाच दिवस आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांचे नेतृत्व केले आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते हुतात्मा झाले. आपल्या मुक्तिदिनाच्या आदल्याच दिवशी. संस्थानातील प्रत्येक सैनिक रझाकारांच्या बाजूचा होता असे अजूनही कोणी मुलांना सांगत असेल तर हे एक नाव त्याला पुरेसे उत्तर आहे असे मला वाटते.

रणगाड्यांचे प्रकार मोजून दाखवण्याच्या भरीस तू फार पडू नयेस. वजन, तोफेचा व्यास आणि वेग यांचे तक्ते मुले लगेच विसरतात. काम कोणते यावरून प्रकार सांग. डोंगरावर चढायचे तर हलका रणगाडा लागतो: १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी खिंडीत जनरल थिमय्यांनी स्टुअर्ट रणगाडे नेले आणि खिंड मोकळी केली, १९६२ साली फ्रेंच बनावटीचे एएमएक्स रणगाडे विमानांतून लडाखमधील चुशूलला उतरवले, आणि आता त्याच गरजेसाठी २५ टनांचा जोरावर आपल्याकडे तयार झाला आहे. मैदानात समोरासमोर झुंजायचे तर जाड चिलखताचा मुख्य रणगाडा हवा. तू ज्यावर शिकलास तो चेन्नईजवळ आवडी येथे बनलेला विजयंता, मग टी-७२, त्यानंतर टी-९० आणि आपला अर्जुन. नदी पोहून जाणारा पीटी-७६ वेगळा. पाठीवर घडीचा पूल वाहून नाल्यावर टाकणारा वेगळा, पुढे साखळ्या गरगर फिरवून सुरुंग आधीच फोडणारा वेगळा, आणि रुतलेल्याला ओढून काढणाराही एक असतो. या शेवटच्याविषयी तू अधिक सांगावेस. तू वाळवंटात एकदा चार तास दोर लावून उभा होतास ती हकीकत मुले आयुष्यभर लक्षात ठेवतील.

चिलखताच्या बाबतीत रणगाडा आणि टाकी यांत एक सुंदर उलटापालट आहे. टाकीच्या भिंतीची झुंज आतून बाहेर ढकलणाऱ्या पाण्याशी असते, रणगाड्याच्या पोलादाची बाहेरून येणाऱ्या गोळ्याशी. म्हणून टाकी गोल बांधतात, म्हणजे रेटा चहूकडे सारखा वाटला जाऊन कडे त्याला ताणून धरते, आणि बुडाशी पाण्याचा जोर सर्वांत जास्त म्हणून तेथे आडव्या सळया दाट बांधतात. रणगाड्याचे पोलाद मात्र समोरून सर्वांत जाड असते, कारण संकट समोरून येते. रशियाच्या टी-३४ ने तर पुढचा ४५ मिलिमीटरचा पत्रा इतका तिरपा बसवला की सरळ येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पोलाद छेदावे लागे. जाडी तीच, फक्त कोन बदलला. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलाला हे फळ्यावर एक तिरपी रेघ ओढून दाखव.

आता घरच्या टाक्यांकडे येतो. आपल्या लहानपणी अंगणात दगडी हौद आणि ओसरीवर रांजण असे. आता गच्चीवर प्लॅस्टिकची काळी टाकी आहे. ती काळी का, हे मुलांना विचार. उन्हाचा उजेड आत शिरला तर पाण्यात शेवाळ धरते, म्हणून प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळतात. स्वयंपाकाच्या गॅसलाही आपण टाकीच म्हणतो, मोटरसायकलचे पेट्रोल टाकीत असते, फवारणीच्या वेळी बापाच्या पाठीवर टाकी असते. परंतु मराठवाड्याच्या आयुष्यात खरी जागा टँकरची आहे. ‘गावाला टँकर लागला’ हे वाक्य आपल्याकडे आजाराच्या बातमीसारखे उच्चारतात. टँकरचे पाणी गावच्या कोरड्या विहिरीत सोडले की काठावर पंधरा-वीस घागरी एकदम आत पडतात, दोरांना दोर अडकतात आणि वरच्या वर्तुळात फक्त हात दिसतात. हे दृश्य मी नोकरीत इतक्या वेळा पाहिले की रणांगण म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी तेच येते.

१२ एप्रिल २०१६ ची पहाट तुला मी फोनवर सांगितली होती. निवृत्त होऊन मला वर्ष होत आले होते, तरी घरी राहवेना म्हणून स्थानकावर गेलो. मांजरा धरण आटले होते, पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली होती, आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून पाण्याची गाडी आली. तेलासाठी वापरले जाणारे दहा वाघिणींचे टँक राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणले होते. प्रत्येकात पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, खेपेला पंचवीस लाख लिटर. लोकांनी इंजिनाला हार घातले. मी एका वाघिणीच्या पत्र्याला हात लावून पाहिला. बाहेर चैत्राचा उकाडा होता आणि पत्रा गार लागला, त्यावर दव धरले होते. त्याच रात्री मी देवगिरीच्या हत्ती हौदाचा हिशेब मांडला. त्याची क्षमता सुमारे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. पन्नास वाघिणींच्या चार गाड्या त्या एका हौदात मावतील. यादवांच्या आणि सुलतानांच्या राजधानीत वेढ्याच्या काळात पाणी आतच असावे हे जाणणारी माणसे होती. आपल्या पिढीने मात्र शहरे वाढवली आणि टाकी दुसऱ्या जिल्ह्यात ठेवली, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्या निर्णयांच्या कागदांवर कनिष्ठ म्हणून का होईना पण माझ्याही सह्या आहेत.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. २००९ च्या मे महिन्यात एका वसाहतीतील संडासाची टाकी उपसण्यासाठी ठेकेदाराने दोन मजूर उतरवले. माझा त्या कामाशी संबंध नव्हता. मी पलीकडच्या गल्लीत व्हॉल्व्ह पाहत होतो आणि ओरडा ऐकून धावलो. पहिला खाली पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरला आणि तोही पडला. तिसरा उतरत होता त्याला मी खांद्याला धरून मागे ओढले. अग्निशमनवाले आले तोवर पहिला गेला होता, दुसरा वाचला. आपल्याकडे त्या टाकीला, म्हणजे सेप्टिक टँकला, सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात, आणि नावामुळे ती सुरक्षित आहे असे लोकांना वाटते. तिच्यातील वायू माणसाला दोन श्वासांत बेशुद्ध करतात. आडात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगी पडत नाही, उलट तेथील वायू पेट घेऊ शकतो. २०१३ च्या कायद्याने अशा कामाला माणूस लावण्यास बंदी आहे. तू मुलांना हे सांगशील तर माझ्या मनावरचे एक ओझे उतरेल: बंद टाकीत कोणी पडला तर मागोमाग उतरू नका, आरडाओरड करा आणि मदत बोलवा.

रणगाड्याच्या गोष्टीत हे परके ठरणार नाही. त्या पहिल्या रणगाड्यांत इंजिन आणि माणसे एकाच खोलीत होती. उष्मा पन्नास अंशांवर जाई, धूर आतच कोंडे, आणि लढाईतून परतलेली माणसे बाहेर येताच चक्कर येऊन पडत. तुझ्या टी-७२ मध्ये आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवण्याची सोय असते, म्हणजे विषारी हवा फटीतून आत न येता आतली हवा बाहेर जाते, हे तूच मला पूर्वी समजावले होतेस. साठ वर्षांत सैन्याने आपल्या माणसाच्या श्वासाची ही काळजी घेतली. शहरातल्या टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी ती अजून का घेतली जात नाही, हे मला कळत नाही.

तुला एक विचारायचे राहिले. राजस्थानात उन्हाळी सरावाला तुम्ही तिघे त्या पोलादी पेटीत दिवसभर बसत होता, तेव्हा तुमचे पिण्याचे पाणी कोठे ठेवत होता? किती लिटर असे, आणि दुपारपर्यंत ते पिण्याजोगे गार राहत होते का? इतक्या वर्षांत हे मी कधी विचारले नाही याचे आज नवल वाटते. उत्तर सविस्तर लिही. भाषणापूर्वी एका रविवारी जमत असेल तर उमरग्याहून तू ये आणि लातूरहून मी येतो, नळदुर्गच्या बंधाऱ्यावर भेटू. बोरीला पाणी असेल तर नर-मादी दोन्ही चालू असतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव